पोळ्याचे नवे कासरे

॥ श्री ॥
खडकी, बेल्याजवळ
२ ऑगस्ट १९९४

ती. भाऊजी यांस माणिकचा साष्टांग नमस्कार. वच्छलाताईस नमस्कार सांगावा.

इकडे सर्व ठीक. राही पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. जावई सुरतेला कामावर आहेत, रजा मिळेल तेव्हा येतील. दुकान उघडं असतं, पण पावसामुळे गिऱ्हाईक नाही. गूळ पाझरतो आणि मी तो फडक्यानं टिपत बसतो. टेकडीवरचं गाव, खाली उतरायला एकच रस्ता आणि रस्त्याच्या पायथ्याशी नाला. नाला भरला की एसटी बेल्यावरूनच परत फिरते. तुम्हांला हे माहीत आहेच.

पत्र लिहायचं कारण गाडी. ब्रेक दाबला की पुढच्या दोन्ही चाकांतून जातं फिरवल्यासारखी घरघर येते. मागच्या आठवड्यात आदिलाबादेहून येताना नाल्याजवळ एक म्हैस आडवी आली. मी पाय पूर्ण दाबला तरी गाडी तिच्या पुढ्यात जाऊन थांबली. म्हशीनंच मागे पाय घेतला म्हणून बरं. आदिलाबादच्या गॅरेजवाल्याला निरोप दिला, तर तो म्हणतो, "गाडी लाके दिखाओ." ज्या गाडीला ब्रेक नाहीत ती घाटी उतरून न्यायची कशी, हे त्याला कोणी सांगावं? तो इथं चढून यायला तयार नाही.

आपण एवढी वर्षं वर्कशॉपात काढलीत. घरच्या घरी काही करता येईल का? घाई नाही. सवडीनं लिहावं.

आपला,
माणिक

•

यवतमाळ
९ ऑगस्ट १९९४

माणिकराव यांस चंपतरावाचा नमस्कार.

तुमचं पत्र मी वर्कशॉपात मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हशीपाशी आल्यावर सगळे हसले. बैलजोडी मोडून मोटार घेतलीत तेव्हाच मी म्हटलं होतं, साळेबुवा, बैल म्हशीला ओळखतो, मोटार ओळखत नाही.

आता कामाचं. तुमच्या गाडीला पुढच्या चाकांत जुन्या गाड्यांसारखे ब्रेकचे डबे नाहीत. एक पोलादी चकती चाकाबरोबर फिरते आणि दोन्ही बाजूंनी दोन पॅड तिला चिमट्यासारखे धरतात. पॅड झिजून लोखंडावर आले की ते चकतीलाच खातात. घरघर त्याचीच. म्हणजे आता पॅडही नवे आणि चकत्याही नव्या. त्या नागपूरहून मागवाव्या लागतील. तुम्हीच घाई नाही म्हणता, तर पोळ्याला मी स्वतः घेऊन येतो. पुरणपोळी खाऊन बसवून देऊ. तोवर गाडी गोठ्यात बांधून ठेवा आणि चारा घालू नका.

चंपत

माणिक, हे मी वच्छला लिहिते आहे. राहीला कितवा महिना, तिला काय खावंसं वाटतं, एक शब्द नाही. चार ओळी म्हशीवर लिहिल्यास. मला नीट लिही.

•

॥ श्री ॥
खडकी
१४ ऑगस्ट १९९४

ती. भाऊजी आणि ताई यांस सा. नमस्कार.

मागच्या पत्रात मी घाई नाही असं लिहिलं. ताईला काळजी नको म्हणून लिहिलं होतं. आता लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही.

राहीला आठवा लागला आहे. आदिलाबादच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की वार खाली, वाटेवर आली आहे. आपोआप बाळंतपण व्हायचं नाही, पोट उघडावं लागेल. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात शहरात आणून ठेवा, तोवर निजवून ठेवा. मधेच रक्त दिसलं तर तास मोजू नका, तशीच उचलून आणा, पण बैलगाडीत घालू नका, हादरे चालणार नाहीत. ते ऐकून आम्ही परतलो आणि त्याच परतीच्या वाटेवर ब्रेक गेले. म्हैस आडवी आली तेव्हा राही मागच्या सीटवर होती. हे मी घरातही कोणाला बोललो नाही. तिला तिथंच ठेवायला हवं होतं. चार दिवस घरी सुखानं राहील म्हणून मी तिला वर आणलं आणि आता उतरवता येत नाही.

ती आतल्या खोलीत खाटेवर निजलेली असते. गाडी गोठ्यात उभी. मधे माझी ओसरी. मी पहाटे दिवा लावतो, पोथी उघडतो, ओळ वाचतो आणि कान आतल्या खोलीकडे असतात. राही हसून म्हणते, "बाबा, तुमी पान काऊन पलटवत नाई?"

पोळ्यापर्यंत थांबता येणार नाही, भाऊजी. सामान पाठवा आणि कसं करायचं ते लिहा. मी अडाणी आहे असं समजून लिहा. हात माझे कामाचे आहेत.

माणिक

•

यवतमाळ
१९ ऑगस्ट १९९४

माणिकराव,

तुमचं पत्र या वेळी कोणाला वाचून दाखवलं नाही. त्याच दुपारी नागपूरची गाडी पकडली. दोन चकत्या, चार पॅड आणि बोल्ट सोडायचे दोन पाने आदिलाबाद गाडीच्या कंडक्टरजवळ देतो आहे. तो बेल्याच्या चहावाल्याकडे ठेवील. चकत्या मी इथंच साफ करून कागदात गुंडाळल्या आहेत. तुम्हांला फक्त बसवायच्या आहेत.

मी यायला निघालो होतो. वर्कशॉपात दोन माणसं तापानं पडली आहेत आणि साहेबानं रजेचा कागद परत केला. म्हणून हे पत्र. एकेक ओळ वाचा, ती करा, मग पुढची वाचा.

गाडी सपाट जागी घ्या. मागच्या चाकांना दगड लावा. पुढच्या चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा, मग जॅकनं उचला. नुसत्या जॅकवर विसंबू नका, खाली लाकडाचा ओंडका सरकवा. गाडीखाली डोकं घालायचं नाही, घालायचंच तर ओंडका पाहून.

चाक काढलं की चकती दिसेल आणि तिच्यावर बसलेला चिमटा. त्याचे मागचे दोन बोल्ट सोडले की चिमटा निघतो. त्याला रबरी नळी असते, तिच्यातून ब्रेकचं तेल येतं. चिमटा नळीवर लोंबकळू देऊ नका, तारेनं वर बांधा. जुने पॅड काढा. चिमट्याच्या आत एक गोल दट्ट्या बाहेर आलेला असेल. जुना पॅड त्यावर ठेवून हळूहळू आत दाबा. नवे पॅड जाड असतात, त्यांना जागा हवी.

चकतीचे बोल्ट सोडले तरी ती निघणार नाही. गंजानं धरून ठेवलेली असते. घरात धुण्याची मोगरी असेल, तिनं चहूबाजूंनी सारखी ठोका. एकाच बाजूला रागानं मारू नका. नवी चकती तिच्या जागी बसवून बोल्ट घट्ट करा. नवे पॅड घाला, चिमट्याच्या सरकत्या पिनांना जरा ग्रीस लावा, बोल्ट आवळा. दोन्ही बाजूंचं झालं की गाडी हलवायच्या आधी ब्रेकचं पेडल दाबत राहा, दगडासारखं लागेपर्यंत. हे विसरलात तर पहिल्या दाबाला पाय रिकामा जाईल.

या कामात कसूर नको. गाडी थांबते तेव्हा सगळा भार पुढच्या चाकांवर येतो. मागचे ब्रेक नावाला. या चकत्या म्हणजे बैलाचा खांदा समजा.

चंपत

माणिक, रोज दिवा लावते आहे. राहीला सांग, आत्या येते.

•

॥ श्री ॥
खडकी
२९ ऑगस्ट १९९४

ती. भाऊजी यांस सा. नमस्कार.

काम झालं. सामान शेजारच्या धोंडीबानं आणलं. नाला कमरेएवढा होता, तो पुडकं डोक्यावर बांधून आला. आमची जोडी मोडली तेव्हा उरलेला एक बैल मी ह्याच धोंडीबाला दिला होता, तुम्हांला आठवत असेल.

दोघांनी मिळून केलं. मी आपलं पत्र वाचायचं आणि त्यानं पाना फिरवायचा, मग त्यानं धरायचं आणि मी फिरवायचं. एक बोल्ट हलेना. धोंडीबा म्हणाला, "माणिकराव, बैल आजारी पडला तं त्याले पाडून दवा पाजता येते. याले पाडावं कसं?" चकती खरंच धरून बसली होती. मोगरी घेतली तर राहीची आई रेणुका धावत आली. "माही मोगरी लोखंडावर? मंग तुमचे धोतरं मी कायनं धुवू?" राही आतून खाटेवरून हसत होती. तिला हसूही नको असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं नाही, म्हणून मी हसू दिलं.

जुने पॅड काढून पाहिले. एकावर तर काहीच उरलं नव्हतं, नुसता पत्रा. यावर मी तिला बसवून आणलं. ते पॅड मी नाल्यात टाकून दिले, पुन्हा डोळ्यांसमोर नकोत.

पेडल आता दगडासारखं लागतं. गोठ्यात मागे-पुढे करून पाहिलं, नुसता पाय टेकवला तरी थांबते. पाऊस थांबेना म्हणून घाटीवर नेली नाही. पोळा सोमवारी, पाच तारखेला. मंगळवारी पहाटे राहीला घेऊन निघतो. आदिलाबादेला दवाखान्याजवळ खोली सांगून ठेवली आहे.

रविवारी खांदेमळणी. दोन वर्षं गोठ्यात बैल नाही, हळद-तूप चोळायला खांदा नाही, त्यामुळे त्या संध्याकाळी हात रिकामे वाटतात. आपण लिहिलंत की चकत्या म्हणजे गाडीचा खांदा, ते वाचून मनाला बरं वाटलं. जो आपला भार घेतो त्याला वर्षातून एकदा तरी हात लावावा. रेणुकानं लोणी साठवलं आहे. तूप कढवून हळद घालू आणि दोन्ही चकत्यांना आणि पॅडांना चोळू. तशाही त्या अगदी कोरड्या ठणठणीत आल्या आहेत, बोट फिरवलं तर चरचरतात. पिनांना ग्रीस लावा असं आपण लिहिलंत, चकत्यांचं लिहायचं राहून गेलं असावं. ती उणीव तेवढीच भरून निघेल.

आपले उपकार शब्दांत मावत नाहीत.

माणिक

•

तार
यवतमाळ, ३ सप्टेंबर १९९४

ब्रेकला तूप लावू नका. लावलं असल्यास गाडी हलवू नका. पत्र येत आहे. चंपत.

•

यवतमाळ
३ सप्टेंबर १९९४

माणिकराव,

आत्ताच तार करून आलो. बेल्याच्या फोनवाल्याला सकाळपासून लावतो आहे, लाइन मुकी आहे. स्टँडवर गेलो तर आदिलाबादच्या गाड्या बंद. पैनगंगेच्या पुलावरून पाणी आहे. मी इथं आणि तुम्ही तिथं. हे पत्र तारेच्या मागून येणार हे मला कळतं, तरी लिहितो, कारण नुसतं बसवत नाही.

चकती कोरडी असते म्हणूनच पॅड तिला धरतो. गाडीत ती एकच जागा अशी आहे की तिथं तेलाचा थेंब चालत नाही. नव्या चकतीला गंजू नये म्हणून तेल लावून पाठवतात. ते मी पेट्रोलनं पुसलं आणि मगच गुंडाळलं. पुसलं हे लिहिलं, का पुसलं हे लिहिलं नाही. आमच्या वर्कशॉपात हे झाडूवाल्यालाही ठाऊक असतं, म्हणून लिहायचं सुचलं नाही. वर खांदा हा शब्द मीच लिहिला. तुम्ही खांद्याला जे करतात ते करणार. दुसरं काय करणार?

तूप लागलं असेल तर चकती पुसून निघेल, पण पॅडांत मुरलं तर पॅड गेले. ते गरम झाले की तूप आतून पुन्हा वर येतं. नवे पॅडच लागतील. मी आणून ठेवले आहेत. पूल उघडला की घेऊन येतो.

तुमची बहीण माझ्याशी बोलत नाही. देवापुढे बसली आहे.

चंपत

•

॥ श्री ॥
आदिलाबाद, दवाखान्याचा व्हरांडा
८ सप्टेंबर १९९४

ती. भाऊजी आणि ताई यांस सा. नमस्कार.

आधी हे वाचा. राही आहे. मुलगी झाली, तीही आहे. दोघी अशक्त आहेत, पण डॉक्टरीणबाई आज पहिल्यांदा माझ्याशी बसून बोलल्या.

आपली तार मला पोळ्याच्या दिवशी दुपारी मिळाली. ती बेल्यात येऊन पडली होती, नाला उतरल्यावर पोस्टमन घेऊन चढला. तोवर खांदेमळणी होऊन गेली होती. रविवारी दिवेलागणीला मी आणि रेणुकानं चाकं काढून, चिमटा उचलून, चकत्यांना आणि पॅडांना हळद-तूप चोळलं होतं. मनापासून चोळलं. पॅडांनी किती पटकन पिऊन घेतलं, ते पाहून रेणुका म्हणाली, "तहानले होते बिचारे."

तार वाचली आणि गोठ्यात गेलो. टाकीतलं पेट्रोल काढून चकत्या पुसल्या. पॅड पुसले, विटेवर घासले. पिवळेपणा जाईना. पुन्हा बसवून धोंडीबाच्या पोरांना गाडी ढकलायला लावली आणि ब्रेक दाबला. गाडी भिंतीला जाऊन टेकली. जुने पॅड मी नाल्यात टाकलेले. मी चाकाजवळ खाली बसलो. रागही कोणावर येईना. आपण काळजीनं लिहिलं होतं आणि मी भक्तीनं केलं होतं, आणि त्या दोन्हींच्या मधे पोरगी अडकली होती.

तेवढ्यात रेणुकाची हाक आली. तिचा आवाज ऐकूनच कळलं. राहीच्या खाटेखाली रक्त होतं.

प्रयागबाई सुईण आली, तिनं हात लावला नाही. म्हणाली, "हे माह्या हातचं काम नाई, माणिकराव. आत्ताच्या आत्ता घेऊन जा." कशात नेऊ? बेल्याहून जीप मागवायची तर नाल्यातून माणूस जाऊन येईपर्यंत रात्र होणार. बैलगाडी नको म्हणून डॉक्टरीणबाईंनीच सांगितलेलं, आणि पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं कोणाच्या मनात येणार? खाट उचलून पाहिली. फाटकाबाहेर चिखलात पहिल्याच माणसाचा पाय गेला आणि खाट कलंडता कलंडता राहिली. राहीनं ओठ दाताखाली धरला होता.

सगळं गाव मारुतीच्या पारापाशी तोरणाखाली जमलं होतं. मी तार हातात घेऊन तिथं गेलो. बैल ओळीनं उभे, झुली, गोंडे, रंगवलेली शिंगं. पूजा व्हायची होती. मी काय बोललो ते मला नीट आठवत नाही. सपाटीला इंजिन आहे, हळू नेता येईल, पण घाटीच्या उताराला गाडी कोण धरील, असं काहीतरी म्हणालो असेन. मग धोंडीबानं स्वतःच्या बैलाचा कासरा सोडायला सुरुवात केली. पोळ्याला नवा घेतलेला, अजून ताठ. आमचाच तो जुना बैल, पांढऱ्या कपाळाचा.

म्हातारे महिपतराव ओरडले, "अरे, तोरणाखालचा बैल मोकळा करू नये! पूजा तं होऊ दे!"

धोंडीबा म्हणाला, "काका, गाडीले मागून धरतो. माणसं हायेत, दोर पाह्यजे. आज दोराची कमी हाय काय गावात?"

खरंच, त्या दिवशी गावातला प्रत्येक दोर नवा होता. एकेक करून सगळ्यांनी सोडले. शेवटी महिपतरावांनीही आपल्या जोडीचे सोडून माझ्या हातात दिले, माझ्याकडे न बघता. बैल तोरणाखाली मोकळे उभे राहिले. एक गोऱ्हा मात्र झुलीसकट कापसात शिरला, त्याला आणायला कोणी गेलं नाही.

राहीला गादीसकट मागच्या सीटवर निजवलं, डोकं रेणुकाच्या मांडीवर. मागच्या बाजूला कासरे पेडून बांधले, रस्त्याच्या दोन्ही कडांनी माणसं दोर धरून गवतातून. मी चाक हातात घेतलं. आयुष्यभर बैलगाडी हाकली, पण इतकं कोणाच्या स्वाधीन होऊन कधी बसलो नव्हतो. पुढे उतार, वर आरसा, आरशात माणसं मागे रेलून टाचा रोवत येत होती. "धरा रे! हळू! हळू!" पहिला गिअर होता, हँडब्रेक ओढलेला, तरी गाडी पुढे ओढत होती. सवयीनं माझा पाय ब्रेकवर जायचा, चाक थोडं अडायचं आणि पुन्हा सुटायचं. आणि दर वेळी कढवल्या तुपाचा वास यायचा.

राही क्षीण आवाजात म्हणाली, "बाबा, पुरणपोळीचा वास येऊन राह्यला."

मी म्हटलं, "हो बाई, सण आहे." रेणुकानं तोंडावर पदर घेतला.

वळणावर एक दोर सुटला. गाडीनं झेप घेतली. आरशात धोंडीबा पडलेला दिसला, छातीवर घसटत येत होता, पण कासरा मनगटाला गुंडाळलेला होता आणि तो सोडत नव्हता. बाकीच्यांनी दोर खांद्यावर घेऊन पाठी फिरवल्या, जोडीनं ओढावं तसे वरच्या बाजूला वाकले. गाडी थांबली. मी देवाचं नाव घेत होतो असं मला वाटत होतं. रेणुका नंतर म्हणाली, मी सारखं "धोंडीबा, धोंडीबा" म्हणत होतो.

नाल्यातून त्यांनीच ढकलली. पुढे बेल्यापर्यंत सपाटी आहे, तिथवर मी गिअरवर नेली. बेल्यात भाड्याची जीप मिळाली. बाकी डॉक्टरीणबाईंनी केलं.

काल धोंडीबा येऊन गेला. मनगटाला फडकं. म्हणाला, रेणुका परवा घरी कपडे न्यायला आली तेव्हा तिनं दोर धरणाऱ्या सगळ्यांना ओसरीवर बोलावलं. कासऱ्यांनी खांदे सोलले होते. तुपाची वाटी अर्धी उरली होती. तिनं एकेकाला खाली बसवून हळद-तूप लावलं. महिपतराव लाजून बसेनात, म्हणाले, "बाई, मी काय बैल हाय?" ती म्हणाली, "बसा काका, वळवळ करू नका." धोंडीबा सांगताना हसत होता, आणि मग तो तोंड फिरवून व्हरांड्याबाहेर पाहत राहिला.

तोरणाची पूजा त्यांनी दुसऱ्या दिवशी केली. जुन्याच दोरांवर.

गाडी बेल्यात चहावाल्याच्या मागे उभी आहे. पोरगी आणि नात इथं आहेत तोवर मी हलणार नाही. आपलं तीन तारखेचं पत्र काल धोंडीबानंच आणून दिलं. ताईनं भाऊजींशी बोलावं, ही माझी विनंती.

माणिक

•

यवतमाळ
१३ सप्टेंबर १९९४

माणिकराव,

तुमचं पत्र तुमच्या बहिणीनं मला वाचू दिलं, म्हणजे ती बोलू लागली. पहिल्या ओळीनंतर ती उठून गेली, बाकीचं मी एकट्यानं वाचलं. दोनदा वाचलं. माझा जन्म ब्रेकांत गेला. गाडी अशी थांबवलेली मी पाहिली नाही.

पूल उघडला आहे. शनिवारच्या गाडीनं आम्ही दोघं बेल्याला उतरतो. धोंडीबाला तिथं बोलवा, पॅड त्याच्या आणि माझ्या हातानं बसवू. त्यानं गाडीला पाडावं कसं ते विचारलं होतं ना, दाखवतो. कासरे किती लागले ते विचारून ठेवा. यवतमाळच्या बाजारात चांगले मिळतात, सगळ्यांच्या बैलांसाठी नवे घेऊन येतो. महिपतरावांच्या जोडीला लाल गोंड्याचे.

तुमच्या बहिणीनं बाळंतिणीसाठी तुपाचा डबा भरला आहे. मी तो माझ्या पिशवीत ठेवू देत नाही, तिच्या पिशवीत ठेवला आहे आणि ती गाडीत माझ्यापासून लांब बसणार आहे. आधी पॅड बसतील. हात साबणानं धुतले जातील. मग डबा उघडायचा.

चंपत